ऑईल बघितलाव का?

दसऱ्याच्या दिवशी मराठवाड्यात गाडीची जी सेवा होते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी बघू नये, उगाच मनाला लागतं. सकाळी सहालाच गाडी धुतली जाते. पाणी असेल त्या वर्षी पाइप लावून, नसेल त्या वर्षी ओल्या फडक्यावर. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात. समोर झेंडूचा हार, आरशाला आपट्याची डहाळी, चारी चाकांखाली चार लिंबं. ओवाळणं होतं, नारळ फुटतो, घरधनी गाडी हातभर पुढं घेतो, लिंबं चिरडतात, इडापिडा टळते आणि मंडळी पुरणपोळीकडं वळतात. हार पार वाळून झडेपर्यंत तिथंच असतो. ज्या बॉनेटची एवढी पूजा बांधली ते उघडून आत डोकवावं असं मात्र कुणाच्या मनात येत नाही. आत इंजिन आहे, इंजिनात ऑईल आहे, ते आहे की संपलंय हे बघायला कंपनीनं एक दांडी दिली आहे आणि ती ओढून बघायला पैसे पडत नाहीत. बहुधा त्यामुळंच ती कुणी ओढत नाही.

आता कुणी म्हणेल, माणसाला पारख नसते. तसंही नाही. नांदेडहून लातूरकडं निघालं की लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल, तमाशाचे फड, सगळा मराठवाडा लोटतो. तिथला गिऱ्हाईक बघावा. घोड्याचा जबडा फाकवून दात बघतो, खूर उचलून ठोकतो, चार पावलं चालवतो, परत चालवतो, डोळ्यापुढं बोट नाचवतो, मालकाच्या तोंडाकडं बघतो आणि मग रुमालाखाली हात घालून भाव करतो. हाच माणूस पुढच्या महिन्यात जुनी जीप घ्यायला जातो आणि सीटकव्हर बघून इसार देतो.

आमचे दाजी या पंथातले. लातूरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरून ‘तेरा टक्के’ म्हणाले की मशीन लावायची गरज नसायची. लावलंच तर ते दाजींच्या आसपास येऊन थांबायचं. बारा टक्क्यांच्या वरची ओल त्यांनी कुणाला फुकट पचू दिली नाही. तुरीचं पोतं हातानं उचलून किलोचा फरक सांगायचे. असा हा माणूस स्वतःच्या मोटारीतलं ऑईल मात्र अंदाजानं बघायचा, म्हणजे बघायचाच नाही. “सर्व्हिसिंगला बघतेत की ते,” म्हणायचे. सर्व्हिसिंग वर्षातून एकदा. ते लांबलं तर दीड वर्षातून एकदा.

खरं तर पातळी बघण्यात लातूरकराचा हात धरणारा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. ‘जलदूत’ म्हणायचे त्या गाडीला. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. स्टेशनात गाडी शिरली तेव्हा जावयाला उतरवून घ्यायलाही कधी गेले नसतील एवढे लोक फलाटावर होते. त्या उन्हाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की धनेगावचं मांजरा धरण जोत्याखाली गेलंय आणि जोत्याखाली म्हणजे काय. पेपर हातात आला की आधी धरणांचे टक्के, मग बातम्या, मग निधन वार्ता. विहिरीत दोरीला दगड बांधून सोडायचा आणि वर ओढून दोरी किती भिजली ते बघायचं, हे तर आमच्या रक्तातच आहे. मोटारीच्या कंपन्यांनी वेगळं काही केलेलं नाही. दोरीच्या जागी पत्र्याची पट्टी दिली आणि तिच्या टोकाला दोन खुणा केल्या. खालची मिन, वरची मॅक्स. कुठं नुसते दोन ठिपके असतात, कुठं दोन भोकं, कुठं जाळीदार पट्टा. मुठीला बहुतेक पिवळा नाहीतर नारिंगी रंग, म्हणजे आंधळ्यालाही सापडावी. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत पुष्कळ मोटारींत साधारण लिटरभर ऑईल मावतं, लहान इंजिनात त्याहून कमी. दोन्हीच्या मध्ये कुठंही ओल दिसली की झालं.

लातूरचं दुखणं इथंच सुरू होतं. ज्या गावात पोराला नीटमध्ये सातशेवीसपैकी साडेसहाशे पडले तर शेजारी सांत्वनाला येतात, त्या गावात ‘मध्ये कुठंही’ ही पातळी कुणाला पटणार? दांडी मॅक्सला टेकलेली नसली की दाजींच्या चेहऱ्यावर क्लासची फी वाया गेल्यासारखं दुःख उमटतं. “अर्ध्यावरच आहे की हो!” अर्ध्यावर म्हणजे उत्तम, हे त्यांना कितीही सांगा. मॅक्स म्हणजे पैकीच्या पैकी, आणि मॅक्सच्या वर म्हणजे बोर्डात पहिला.

नांदेडात, देगलूर नाक्याच्या बाजूला एक उस्ताद आहेत. त्यांचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, एक पत्रा आणि तीन पोरं. ऑईल कसं बघावं याचं शिक्षण दाजींना तिथं मिळालं, म्हणजे द्यायचा प्रयत्न झाला. दाजी गाडी घेऊन आले ते पुढची दोन चाकं गटारीच्या ढाप्यावर चढवूनच थांबले, उतरले, बॉनेट उघडलं आणि सरळ दांडीला हात घातला. उस्तादांनी लांबूनच हात वर केला.

“साब, पैले गाडी सीधे में लगाव. और तेल अब्बी उप्पर है. उसकू नीचे उतरने देव.”

यात सगळं आलं. गाडी उतारावर असली की ऑईल एका बाजूला जमतं आणि दांडी भलतंच सांगते. इंजिन नुकतंच बंद केलेलं असलं की ऑईल वर, टॅपेटपाशी, बारीक बारीक वाटांमध्ये पसरलेलं असतं. ते झिरपत झिरपत खाली चेंबरमध्ये यायला पाचदहा मिनिटं लागतात. तेवढं थांबलं नाही तर असलेलं ऑईल कमी दिसतं आणि दाजींसारखा माणूस वरून आणखी अर्धा लिटर ओततो. बहुतेक कंपन्या इंजिन गरम करून, बंद करून, थोडं थांबून बघा म्हणतात. काही थंड असताना बघायला सांगतात. आपल्या गाडीला काय लागू ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक समोरच्या खणात असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी न फोडलेली.

पाच मिनिटं थांबणं ही आमच्याकडं सोपी गोष्ट नाही. फाटक पडलं तर खालून मोटरसायकल घालणारे आम्ही. उस्तादांनी त्यावर तोड काढलेली आहे. ते चहा सांगतात. चहा येतो, त्यावर पाऊसपाण्याचं बोलणं होतं, कप ठेवले जातात, तेवढ्यात ऑईल खाली पोचलेलं असतं. मग दांडी ओढायची आणि पहिल्यांदा बघायची नाहीच. पहिल्या ओढीला दांडीवर सगळीकडं उडालेलं ऑईल असतं, ते खोटं. सुती, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं ती पुसायची, परत पूर्ण खाली बसवायची, बसली की नाही ते अंगठ्यानं दाबून बघायचं, आणि परत काढायची. ही दुसरी ओल खरी. दाजींनी फडकं शोधलं, मिळालं नाही म्हणून खिशातला रुमाल काढला आणि रुमालाला डाग पडेल म्हणून परत खिशात घातला. पुढं त्यांनी दांडी काढून उजेडात नीट दिसावी म्हणून उभी, टोक आभाळाकडं करून धरली. ऑईल निवांतपणे मुठीकडं उतरलं, मुठीवरून मनगटावर आणि मनगटावरून परीटघडीच्या पांढऱ्या बाहीत. दांडी आडवी किंवा टोक खाली करून धरायची असते. हे पुस्तकात आहे का माहीत नाही, पण आमच्या अक्कानं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, ती बाही धुताना जे काही म्हटलं त्यात होतं.

गॅरेजमध्ये एवढं तरी नीट होतं, कारण तिथं उस्तादांचा शब्द शेवटचा असतो. रस्त्यावर बॉनेट उघडलं की लोकशाही येते. अहमदपूरच्या किंवा चाकूरच्या स्टँडसमोर गाडी थांबवून बॉनेट उचलून बघा. दोन मिनिटांत सातआठ माणसं हात मागं बांधून वाकलेली असतात. बॉनेटखाली वाकण्याची एक खास ढब आहे, गंभीर, किंचित मान तिरकी, डॉक्टर यायच्या आधी पेशंटभोवती उभं राहतात तशी. पहिला प्रश्न ठरलेला: “ऑईल बघितलाव का?” बघतोय, म्हटलं की प्रत्येकजण आपापलं बघायला लागतो. एक असतात एसटीतून रिटायर झालेले. त्यांना मान द्यावा लागतो. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बस सुरू झाल्या त्यातल्या एखाद्या बसचं ऑईल आपण स्वतः बदललं असावं अशा थाटात ते बोलतात, आणि वयाकडं बघता ते शक्य नाही हे कुणी म्हणत नाही. दुसरा ट्रॅक्टरवाला. त्याचं म्हणणं, दांडीबिंडी काही नसतं, इंजिनाचा आवाज ऐकायचा. तिसरा बोट बुडवून अंगठ्यावर चोळतो, वास घेतो आणि म्हणतो, “काळं पडलंय. मेलं हे ऑईल.”

या तिसऱ्याशी माझं जुनं भांडण आहे. डिझेलच्या इंजिनात नवं ऑईल घातलं तरी थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी स्वतःत धरून ठेवायची, ती इंजिनाला चिकटू द्यायची नाही, हे तर त्याचं काम. काळं झालं म्हणजे काम करतंय. ऑईल कधी बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून ठरवायचं, रंग बघून नव्हे. रंग बघून घाबरायचंच असेल तर चहासारखं दुधाळ झालं की घाबरावं. तेव्हा पाणी ऑईलमध्ये शिरलेलं असतं, बहुतेक हेड गॅसकेट गेलेलं असतं, आणि मग गाडी तिथंच उभी करून टोचन करून न्यावी. पण दुधाळ ऑईल बघून जमाव गप्प बसतो, आणि काळं बघून प्रत्येकाला बोलायचं असतं.

मग ओतायची पाळी येते. टाकायची जागा वेगळी, वर, टॅपेट कव्हरवर. झाकणावर तेलाच्या झारीचं चित्र असतं. तरीही दांडीच्या बारीक भोकातून ऑईल घालू बघणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. नरसाळं कुणाकडंच नसतं. पाण्याची बाटली अर्धी कापून उलटी धरली की झालं, फक्त आतून कोरडी पाहिजे. थोडंसं, पावशेरभर ओतायचं, दोनचार मिनिटं थांबायचं, दांडी पुसून बघायची, लागलं तर आणखी थोडं. ओतणारा असा थेंबाथेंबानं ओतायला लागला की जमावाला तो कद्रू वाटतो. “टाका की हो अजून! एवढ्याशानं काय होतंय? उरलेलं काय घरी नेऊन भाजीला घालणार?” पंगतीत नको म्हणत असताना ताटावर आडवा हात धरलेल्या माणसाच्या बोटांतून बासुंदी ओतणारी आमची जात. इंजिनाला तर हातही आडवा धरता येत नाही.

जास्त झालेलं ऑईल काय करतं, हे नांदेडकरांना धरणावरून पटकन कळावं. लातूरचं दुखणं जोत्याखालचं, तर नांदेडचं काठावरचं. चांगल्या पावसात विष्णुपुरी भरतं, दरवाजे उघडतात, गोदावरी घाटावर येते, लोक मोबाईल घेऊन बघायला जातात. इंजिनाला दरवाजे नसतात. चेंबर गळ्यापर्यंत भरलं की फिरणारा क्रँक त्या ऑईलला मारायला लागतो, मिनिटाला हजारो वेळा. फेस होतो. पंप मग ऑईलऐवजी फेस ढकलतो, आणि फेसात हवा असल्यामुळं बेअरिंगला हवा तेवढा दाब पोचत नाही. म्हणजे ऑईल जास्त घालून आपण ऑईल कमी पडल्याची स्थिती आणतो. उरलेलं सिलांमधून वाट काढतं, नाहीतर हवेच्या नळीतून इंजिनात जाऊन जळतं आणि मागं निळसर धूर निघतो. डिझेल इंजिनात फारच झालं तर ते स्वतःचंच ऑईल पिऊन पळायला लागतं, चावी काढली तरी थांबत नाही. चावी हातात आणि गाडी ओरडतेय, हे दृश्य ज्यानं एकदा पाहिलं तो पुन्हा कुणाला ‘टाका अजून’ म्हणत नाही.

नव्या डिझेल गाड्यांत तर न ओतताच पातळी वाढायची सोय आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा आलं. त्यात धुराची काजळी अडवायला जाळी असते आणि साठलेली काजळी अधूनमधून जाळायला गाडी थोडं जादा डिझेल सोडते. गावातल्या गावात, लातूरच्या गंजगोलाईला चकरा मारत, पाच मिनिटं चालवून बंद केली की ते जाळणं अर्धवट राहतं आणि ते डिझेल हळूहळू ऑईलमध्ये उतरतं. दांडी मॅक्सच्या वर दाखवते. दाजींच्या मित्राला हे झालं तेव्हा त्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. गाडी ऑईल खात नाही, उलट बनवते. त्यांना समजावायला उस्तादांना दोन चहा लागले.

जादा ऑईल काढायची रीत विचाराल तर खालचा ड्रेनचा नट किंचित सैल करून थोडंसं काढायचं असं शास्त्र आहे. प्रत्यक्षात नट बोटांतून निसटतो, मातीत पडतो, आणि सगळं गरम ऑईल कोपरापर्यंत येतं. त्यापेक्षा लातूरची पद्धत बरी. लातुरात दवाखान्यांना तोटा नाही, म्हणून मेडिकलमधून सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज आणायची, नळी दांडीच्या भोकातून खाली सोडायची आणि ओढून घ्यायचं. एका पोरानं हे काम करताना कपाळावर टॉर्च बांधला होता. पुढं तो नक्कीच सर्जन होणार.

हे झालं जास्तीचं. कमी पडल्याची गोष्ट मात्र विनोदाची नाही, तरी दाजींनी ती तशी करून दाखवली. अहमदपूर सोडल्यावर एका गावानं स्वखर्चानं बांधलेल्या गतिरोधकावर चेंबर घासलं. आवाज झाला, आम्ही सगळे ‘आईगं’ म्हणालो आणि गाडी पुढं गेली. थोड्या वेळानं समोर तांबडा दिवा लागला. झारीचं चित्र, तोंडाशी थेंब. दाजी म्हणाले, “लातूर आलंच की आता.” लातूर आलेलं नव्हतं. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो, हे त्याचं रोजचं. चालत्या गाडीत लागला तर ऑईल इंजिनात फिरत नाहीये एवढाच त्याचा अर्थ, आणि तेव्हा पेट्रोलपंप, हॉटेल, सावली काहीही शोधायचं नसतं. बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. क्रँक बेअरिंगवर टेकलेला नसतोच मुळी, ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर गेला की लोखंडाला लोखंड लागतं, आणि मग मिस्त्री ज्याला ‘इंजिन धरलं’ म्हणतात ते होतं. त्याचा खर्च ऐकून माणूसही धरतो. दिवा लागेपर्यंत थांबायचं ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की तो लवकर नाही, उशिरा लागतो. ऑईल मिनच्या खाली गेलेलं असतानाही कित्येक किलोमीटर तो चिडीचूप असू शकतो.

गाडी वाचवली ती अक्कानं. तिला दाबाचं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “दिवा लागलाय ना? मग इझू तरी द्या आधी. पेटलेल्या घरातून असं निघून जातेत का कुणी?” दाजी चिडून थांबले. खाली वाकून बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ होती, आम्ही आलो तिथपर्यंत.

ऑईल कुठलं घालावं हा आणखी एक पंथभेद. मोंढ्याजवळच्या दुकानात डब्यांची भिंत असते आणि दुकानदार नवा असला की गिऱ्हाईकच त्याला शिकवतं. सर्वसाधारण श्रद्धा अशी, की घट्ट ऑईल चांगलं. पातळ म्हणजे भेसळ. दुधावरून हे मत पडलं असावं. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं त्यातल्या डब्ल्यूचा अर्थ आमच्याकडं वॅट, वजन, वॉरंटी असा सोयीनं घेतला जातो. तो हिवाळ्याचा आहे. ५डब्ल्यूची थंडीतली परीक्षा शून्याखाली तीस अंशांना घेतात. नांदेडात थंडीची लाट आली तर पारा दहाच्या खाली येतो आणि कपाटातून कानटोप्या निघतात. शून्याखाली तीसशी आमचा संबंध फक्त लडाखच्या बातम्यांपुरता. मग आम्हाला हे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की सकाळी चावी फिरवल्यापासून ऑईल वरपर्यंत पोचेस्तोवरचे जे सेकंद असतात त्यात इंजिन सगळ्यात जास्त झिजतं, आणि पातळ ऑईल तिथं लवकर पोचतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं गेला तरी सकाळचं इंजिन त्याच्या हिशेबानं थंडच असतं. पुढचा आकडा, तीस किंवा चाळीस, हा गरम झाल्यावरच्या घट्टपणाचा. आजच्या नव्या बारीक वाटांच्या इंजिनात ०डब्ल्यू-२० मागितलं असताना जुन्या सवयीनं २०डब्ल्यू-४० घालणं म्हणजे काम बिघडवणंच. खूप पळालेल्या, धूर मारणाऱ्या जुन्या जीपला उस्ताद स्वतःहून घट्ट ऑईल सुचवतात, पण तेव्हा ते इंजिनाकडं बघून एक सुस्कारा सोडतात, तो डब्यावर लिहिलेला नसतो.

वंगणाचं ज्ञान आमच्याकडं मोटारीच्या आधीचं आहे, हे म्हाताऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. बैलगाडीच्या आखाला एरंडेल लावायचे. चाक कुरकुरलं की गावाला कळायचं, अमक्याचा गडी आळशी आहे. गंमत अशी की विलायतेत वेकफिल्ड नावाच्या माणसानं १९०९ मध्ये मोटारी आणि विमानांसाठी जे ऑईल काढलं त्यातही एरंडेल होतं, आणि कॅस्ट्रॉल हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे कुरकुर बंद करायची मात्रा दोन्हीकडं एकच होती. आमचा फायदा एवढाच की आमची पोटं साफ ठेवायलाही तेच चालायचं.

जळालेलं ऑईल हा वेगळा संसार. ते फेकायचं असतं हे आमच्याकडं कुणी मानत नाही. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, कुंपणाच्या लाकडाला, विळ्याला, नांगराच्या फाळाला, आणि आंदोलनाचा हंगाम असला तर कुणाच्या तरी तोंडाला. कायद्यानं वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडंच जायला हवं. नाल्यात ओतलेलं शेवटी आपल्याच बोअरला भेटतं. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विचारतात, “मग मला दोन लिटर मिळंल का? गोठ्याच्या खांबाला लावायचंय.” रिकाम्या डब्याचीही तीच कथा. बनावट ऑईलवाल्यांनी परत भरू नये म्हणून तो फोडून टाकावा असं सांगतात. गावाकडं तो फुटायच्या आधीच पहाटे शेताकडं निघालेला असतो, आणि पूर्वी गुड मॉर्निंग पथकानं पकडलेल्या टमरेलांमध्ये जगातल्या सगळ्या नामवंत ऑईल कंपन्या हजर असायच्या.

या सगळ्यात ऑईल नियमानं बघणारा एकच वर्ग मला दिसला, काळीपिवळीवाले. पहाटे लोह्याच्या नाक्यावर उभं राहा. ड्रायव्हर येतो, अगरबत्ती लावायच्या आधी बॉनेट उघडतो, रात्रभर थांबलेल्या इंजिनातली दांडी काढतो, सीटखालच्या चिंधीनं पुसतो, परत घालतो, काढतो, बघतो, ठेवून देतो. तोंडानं एक शब्द नाही. नऊच्या जागी सोळा माणसं बसवणारा हा माणूस सगळे नियम मोडतो, हा एक सोडून. कारण विचारलं तर म्हणतो, “इंजिन बसलं तर हप्ता कोण भरणार, तुम्ही?”

दाजींच्या पोरानं गेल्या वर्षी विजेवरची गाडी घेतली. चाकूरला चार्जिंगला लावली होती तर नेहमीप्रमाणं माणसं जमली आणि बॉनेट उघडायला लावलं. आत काळं प्लॅस्टिक. कुणाला काही बोलता येईना. पोरगा ऐटीत म्हणाला, “यात ऑईलच लागत नाही.” धोतरातले एक म्हातारबुवा पुढं झाले. “आत काही फिरतंय का?”

“मोटार फिरते ना.”

“मग लागतंय. फिरतंय तिथं तेल लागतंय.”

पोरगा हसला, पण हसता हसता त्यानं खणातलं पुस्तक काढलं, पिशवी फोडली आणि पानं उलटता उलटता त्याचं हसू मावळलं. इंजिन ऑईल नसतं हे खरं. पण मोटार आणि चाकांच्या मध्ये गिअरचा एक डबा असतो आणि त्यात ऑईल असतं.

“बघायचं कसं ते?” म्हातारबुवांनी विचारलं.

“आपल्याला नाही बघता येत. दांडीच नाही त्याला.”

“दांडी दिली नाही म्हणता,” म्हातारबुवा म्हणाले, “मग तेवढे पैसे कमी केले का?”